दातांच्या दवाखान्यातले मासे

९ जून

प्रिय ठकू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, दादानं मृत्युपत्र पाठवलं की काय. घाबरू नकोस. मला मासे पाळायचे आहेत.

हसून घे. तुझी वहिनी दोन दिवस हसतेय. म्हणाली, "घरातल्या कुंडीतली झाडं तुमच्या हातून मरतात, आता जिवंत प्राण्यांवर कशाला उठलात?"

त्याचं असं झालं. दवाखान्यात वेटिंग रूम आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच पातळ दार आहे. आत मी मशीन सुरू केलं की बाहेरच्यांचे चेहरे कसे होतात, ते वहिनी काउंटरवरून रोज बघते. परवा एक धिप्पाड ट्रकचालक "गाडी चुकीच्या जागी लागलीय" असं म्हणत उठला. त्याची छत्री अजून आमच्याकडे आहे. मग मी एका मासिकात वाचलं की मासे बघत बसलं की माणसाचं मन शांत होतं, आणि मी काही वाचलं की काय होतं ते तुला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी तीन फुटांची टाकी दवाखान्यात. सोबत निळी खडी आणि बुडबुडे सोडणारा एक प्लास्टिकचा पाणबुड्या. दुकानदारानं विचारलं, "मासे कोणते देऊ?" मी म्हणालो, "रंगीत." तेव्हा तो माझ्याकडे जसा बघत राहिला, तसा मी पेशंटकडे बघतो, त्यानं "ब्रश? असतो घरात" असं म्हटल्यावर.

तू वनस्पतिशास्त्र शिकवतेस. तुझ्या जेवणाच्या टेबलाशेजारी झाडांची ती टाकी इतकी वर्षं नांदतेय, आणि त्यात कोणी कोणाला खात नाही. हे कसं जमतं ते सांग. मात्र लिहून पाठव. माशांची नावं विचित्र असतात, फोनवर घोटाळा होतो.

तुझा अज्ञानी,
दादा

१८ जून

दादा,

पत्र मिळालं. फोनवर दोन वाक्यांत "बरं बरं, ठेवतो" म्हणणारा माणूस माशांसाठी दोन पानं लिहितो, हे बघून बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवते आहे.

असो. माशांचं विचारलंस, माशांचं सांगते.

पाणबुड्या काढून टाक. निळी खडीही. बारीक, गोल वाळू आण. तिच्यात झाडं लाव: मागच्या बाजूला वॅलिसनेरियाची लांब पाती, पुढे काही बुटकं. जावा फर्न मात्र वाळूत पुरू नकोस, लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्यानं बांध. आणि त्यानंतर महिनाभर एकही मासा आणायचा नाही. पाण्यात चांगले जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. त्यांच्याशिवाय मासे स्वतःच्याच घाणीनं मरतात. रिकाम्या टाकीपुढे बसायचा तुला कंटाळा येईल. येईना का. दात उपटल्यावर जखम भरायला वेळ लागतो हे तू लोकांना सांगतोसच की.

मग मासे. दुकानात चेहरा बघून मासा घ्यायचा नाही. तीन गोष्टी विचार. मोठा झाल्यावर केवढा होतो? तुझ्या पाण्यात रमेल का? आणि दुसऱ्यांशी कसा वागतो? ज्याच्या तोंडात दुसरा मासा मावतो तो त्याला खातो, यात दुष्टपणा काही नाही, नुसती तोंडाची मापं. तू दंतवैद्य आहेस, हे तुला कळावं. तुमच्या किटलीत पांढरा थर साचत नाही ना? मग पाणी मऊ आहे, निऑन टेट्रा चालतील. पण दहा-बारा घे. दोन-तीनच घेतले तर भेदरून कोपऱ्यात बसतील. तळाशी वाळू चाळत फिरायला सहा कोरी मासे घे, ते गरीब असतात, त्यांना मिशा असतात. सोबत थोडे रासबोरा. गोल्डफिश नको, तो गोजिरवाणा रेडा आहे, सगळी झाडं उपटून खाईल. टायगर बार्ब नको, तो येता-जाता इतरांच्या शेपट्या कुरतडतो.

आणि एकदा टाकी जमली की तिच्यात नवीन काही कोंबू नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते.

आमच्याकडचं काय सांगू? हे आता रोज सकाळी चालायला जातात. बाकी तुला माहीतच आहे.

ठकू

२० ऑगस्ट

प्रिय ठकू,

विजयाची बातमी! तुझा शब्द न शब्द पाळला. वाळू धुता धुता कंबर धरली, ओंडक्याला फर्न बांधताना मी वापरला तो टाके घालायचा दोरा आणि तीच गाठ. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टाक्यावर कोणी तक्रार केली नाही. महिनाभर रिकाम्या पाण्याला दिवा लावून बसलो. पेशंट विचारायचे, "डॉक्टर, मासे कुठे आहेत?" मी म्हणायचो, "जिवाणू वाढतायत." दातांच्या दवाखान्यात हे वाक्य म्हणू नये, हे वहिनीनं मला तीन पेशंट उठून गेल्यावर सांगितलं.

पण आता बघ! बारा निऑन एका ओळीत वळतात, जणू कोणी निळी रेघ ओढतंय. कोरी मिशा हलवत वाळूत काहीतरी हरवल्यासारखे शोधत असतात, अगदी वाचायचा चष्मा शोधताना मी दिसतो तसे. शाळेतल्या एक निवृत्त बाई कवळी घट्ट करायच्या निमित्तानं आठवड्यातून दोनदा येतात आणि माशांसमोर बसतात. कवळी उत्तम बसलीय, मी बघितलीय.

आता कबूल करतो. तू म्हणालीस काही कोंबू नकोस, पण सगळे मासे बोटभर. मध्ये एखादा दमदार मासा हवा असं वाटत राहिलं. काल दुकानात एक दिसला. अजून लहान आहे, तळहाताएवढा, गुलाबी, कपाळावर हे एवढं टेंगूळ. माझ्या बोटामागे बोटामागे काचेतून फिरत होता. नाव फ्लॉवरहॉर्न. तुझी शिकवण आठवली आणि नीट विचारलं, "दुसऱ्यांशी कसा वागतो?" दुकानात पंपांचा गोंगाट, तरी दुकानदार ठणकावून म्हणाला, "हा एकत्रच ठेवा, साहेब." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. घेऊन आलो. काळजी नसावी.

मेहुणे चालायला जातात हे वाचून छान वाटलं. बढतीनंतर खुर्चीत बसून पोट सुटतंच. त्यांना म्हणावं, मोठी केबिन मिळाली तरी पाय हलते ठेवा.

तुझा यशस्वी,
दादा

२४ ऑगस्ट

दादा,

हे पत्र उघडलंस त्या क्षणी उठ आणि त्या फ्लॉवरहॉर्नला बाहेर काढ. जगातला कोणताही दुकानदार त्याला इतरांबरोबर ठेवा म्हणणार नाही. तो वीतभर होतो, झाडं उपटतो, आणि टाकीत दुसरं कोणी हललेलं त्याला चालत नाही. दुकानदार म्हणाला असेल "एकटाच ठेवा". एकटाच! दोनदा विचारूनही तू दोनदा उलटं ऐकलंस?

आणि कोणाची बढती?

मी हे लिहिणार नव्हते. पण "मोठी केबिन" वाचल्यावर राहवत नाही. गेल्या हिवाळ्यात मी तुला फोन केला होता. म्हणाले होते, "दादा, ह्यांचं ऑपरेशन ठरलंय, परवा सकाळी." तू म्हणालास, "वा! उशिरा का होईना, झालं एकदाचं! आता पार्टी पाहिजे." मी फोन ठेवला. हृदयाचं ऑपरेशन होतं. घरी आणल्यावर तुमचा फुलांचा गुच्छ आला, त्यावर तुम्हा दोघांच्या नावाचं कार्ड: "हार्दिक अभिनंदन! असंच दरवर्षी होवो!" ह्यांना ते मी दाखवलं नाही. त्यानंतर वहिनीचेही फोन उचलले नाहीत. वाटलं, तुम्हाला ही थट्टा वाटते.

इतके महिने मी याचा अर्थ लावत होते. आज माशामुळे एकदम काहीतरी लख्ख झालं. सरळ विचारते.

दादा, तुला ऐकू येतं का?

ठकू

१ सप्टेंबर

ठकू,

तुझं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. पण ते नंतर सांगतो. आधी दुसरं.

प्रमोशन. मला "प्रमोशन ठरलंय" ऐकू आलं. वहिनीनं तेव्हाच विचारलं होतं, "नीट ऐकलंत ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय! मी काय बहिरा आहे?" कार्डावरचं वाक्यही माझंच, फुलवाल्याला मी हौसेनं सांगितलं. मेहुणे छाती शिवून घरी येतात आणि त्यांचा मेहुणा शुभेच्छा देतो, असंच दरवर्षी होवो! ठकू, मी हे लिहिताना उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. स्वतःला मूर्ख म्हणायची मला हौस आहे, चारचौघांत म्हणतो आणि लोक हसतात. या वेळी एकट्यानं म्हटलं, हसू आलं नाही. तू परवाच्या ऑपरेशनचं सांगत होतीस आणि मी पार्टी मागत होतो.

नाही. ऐकू येत नाही. म्हणजे आवाज येतो, पण शब्द ओल्या कागदावरच्या शाईसारखे फुटलेले येतात. फोनवर तर काहीच हाती लागत नाही, म्हणून "बरं बरं, ठेवतो". तुला पत्र लिहायला लावलं तेही त्याचसाठी. माशांची नावं विचित्र वगैरे सगळी थाप.

तुला वाटेल, मग दवाखाना कसा चालला? अगं, माझा धंदाच असा की समोरच्याचं तोंड उघडं असलं तरी त्याला बोलता येत नाही. मी विचारतो, तो "आँ" करतो, मी मान डोलावतो. बहिऱ्या माणसानं शोधून काढावा असा हा व्यवसाय आहे. पण महिन्याभरापूर्वी एका मुलीनं "डावी दाढ" म्हटलं आणि मी उजवीकडे भूल दिली. ती घाबरून हात हलवायला लागली तेव्हा कळलं. माफी मागितली, डावीकडे पुन्हा दिली, बिचारी दोन्ही गाल सुन्न घेऊन घरी गेली. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला बोट लावून दाखवायला सांगतो. म्हणतो, "नवीन पद्धत आहे." भीती एकच. बहिऱ्या डॉक्टरकडे कोण आपला जबडा देईल?

आता मासे. फ्लॉवरहॉर्नला सोडलं त्या सकाळी वेटिंग रूम भरलेली होती. त्यानं आधी एक फेरी मारली, घर बघायला आलेल्या भाडेकरूसारखी. मग निऑन संपवायला लागला. मी आत होतो. बाहेर बाई ओरडल्या, एक आजोबा काच ठोकायला लागले, वहिनी दारावर थापा मारत होती. मला काही ऐकू आलं नाही. मी आत शांतपणे दात भरत होतो. बाहेर आलो तेव्हा तुझी वॅलिसनेरिया मुळासकट तरंगत होती आणि एका लाकडाखाली चार कोरी एकमेकांना चिकटून बसले होते. खुर्च्यांवर फक्त त्या निवृत्त बाई. म्हणाल्या, आणि हे मी त्यांच्या ओठांवरून वाचलं, "डॉक्टर, मन शांत व्हायला आणलेत ना हे?"

फ्लॉवरहॉर्न सध्या कपडे धुवायच्या टबमध्ये आहे. दुकानदार परत घेत नाही. मी त्याच्यापुढे वही धरली, त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: एकटाच.

मेहुण्यांना काय सांगू ते मला सुचत नाही.

दादा

९ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रागावले. दुसऱ्यांदाही रागावले. ऐकू येत नाही हे सांगायला तुला एवढी लाज वाटावी, आणि मी इकडे समजत बसावं की भाऊ दगडाचा झाला! एकदा तरी म्हणायचंस, "ठके, पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं असतं. दहादा सांगितलं असतं.

मग मी ते ह्यांच्या हातात दिलं. कपाटातून ते कार्डही काढून दिलं, फेकायला मन झालं नव्हतं. ह्यांनी कार्ड वाचलं, पत्र वाचलं, मग पुन्हा कार्ड वाचलं, आणि इतके हसले की मी धावत जाऊन पाणी आणलं. म्हणाले, "टाके ताजे असते तर तुझ्या भावानं मला मारलंच असतं." आता ते कार्ड फ्रीजवर लावलंय. तुला सांगायला सांगितलंय की दरवर्षी नको, एकदाच पुरे.

त्यांनी माफ केलं. माझं अजून पूर्ण झालेलं नाही, पण होईल. एका अटीवर. कानांच्या डॉक्टरकडे जा. तू आयुष्यभर कवळ्या बसवल्यास. कवळी लावून कोणी म्हातारा दिसत नाही, उलट दिसायचा थांबतो, हे तूच लोकांना सांगतोस ना? मग कानात एक शेंगदाण्याएवढं मशीन बसवायला तुझं काय जातं? आणि पेशंटना कळलं तर कळू दे. ज्या डॉक्टरला डावं-उजवं ऐकू येतं त्याच्याकडेच लोक जातात.

चार कोरी वाचले ना? त्यांना घाई करू नकोस. झाडं पुन्हा लाव, पाणी थोडं थोडं बदल, दोन आठवड्यांनी त्यांना आणखी दोन सोबती आण, मग निऑन. फ्लॉवरहॉर्नसाठी वेगळी टाकी घे. तो वाईट नाही, दादा. त्याला फक्त शेजार सहन होत नाही. असा एकजण आमच्या स्टाफरूममध्येही आहे, त्यांना आम्ही खिडकीजवळचं टेबल दिलंय, आता सगळे खूश आहेत.

वहिनीला माझा निरोप दे. तिचे फोन न उचलल्याबद्दल मी तिला वेगळं लिहिते आहे.

ठकू

२६ ऑक्टोबर

प्रिय ठकू,

गेलो. वहिनी हाताला धरून घेऊन गेली. कानाच्या डॉक्टरनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर काहीतरी चढवलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. मला हरायचं नव्हतं, म्हणून मी अंदाजे दाबत राहिलो. तो आत येऊन म्हणाला, "डॉक्टर, मी अजून सुरूच केलेलं नाही."

बारीक, उंच आवाज सगळ्यात आधी गेलेत. इतकी वर्षं कानाशी दातांचं मशीन, त्याचाही हात असेल म्हणाला. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. पहिल्या दिवशी वाटलं, जग बिघडलंय. पायातल्या चपला बोलतात. पाकीट फाडलं तरी दचकायला होतं. फ्रीज घरात आल्यापासून घुरघुरतोय म्हणे, मला आत्ता समजलं. वहिनी भांडी घासताना गुणगुणते, तेही बेसूर. मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "काढा ते कानातलं." मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "सहा वर्षांनी मी या घरात हळू आवाजात बोलतेय." मी तेही ऐकलं. तिचा घसा रोज का बसायचा याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी तिला खडीसाखर आणून द्यायचो, आणि मोठा प्रेमळ नवरा म्हणून मिरवायचो.

दवाखान्यात काउंटरवर पाटी लावली: "डॉक्टरांना कमी ऐकू येते. कृपया स्पष्ट बोला, आणि दात बोटाने दाखवा." माझी अपेक्षा होती की वेटिंग रूम ओस पडेल. दोन माणसं गेली, खरंय. पण त्या निवृत्त बाई पाटी वाचून म्हणाल्या, "हे आम्हाला ठाऊक होतं हो. तुम्ही पाटी आत्ता लावलीत." सगळ्यांना ठाऊक होतं, ठकू! मी एवढा कसलेला नट, आणि प्रेक्षकांना पहिल्या अंकापासून कथा माहीत.

फ्लॉवरहॉर्नची स्वतंत्र टाकी माझ्या खोलीत, पेशंटच्या पायांच्या दिशेला आहे. खुर्ची मागे झुकली की तो समोर दिसतो, रागानं बघत असतो. लोक म्हणतात, त्याच्यापेक्षा डॉक्टर बरा वाटतो. बाहेरच्या टाकीत सहा कोरी आहेत, बारा निऑन आले, झाडांना नवीन पाती फुटली. तिथे आता मी काहीही कोंबणार नाही. वहिनीनं टाकीवर झाकण लावून किल्ली स्वतःकडे ठेवलीय.

आता खरं काम. रविवारी संध्याकाळी तुला फोन करतो. मला त्या ऑपरेशनचं पहिल्यापासून सांग. डॉक्टरांनी काय म्हटलं, तू काय केलंस, सगळं. मी घाबरलोय, कारण नीट ऐकू येईल.

दादा

४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

फोन झाल्यावर पत्र कशाला, असं हे विचारतायत. काही गोष्टी तोंडानं म्हणवत नाहीत, म्हणून.

मी सांगत होते आणि तू गप्प होतास. मध्ये मला वाटलं, यंत्राची बॅटरी गेली. मी विचारणारच होते, "दादा, आहेस ना?" तेवढ्यात तू विचारलंस, "ते आत असताना बाहेर तुझ्याजवळ कोण बसलं होतं?"

ह्यांच्या छातीबद्दल सगळ्यांनी विचारलं, दादा. खर्च, डॉक्टर, पथ्य, सगळं. हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "कोणी नाही." इतकं हळू म्हणाले की मलाच नीट ऐकू आलं नाही.

आणि तू म्हणालास, "ऐकलं."

ठकू